पाच अँपियर आणि तिपेडी तार

मढच्या आमच्या घरात लाइट आली तेव्हा मिळाले दोन बल्ब आणि एक प्लग. कनेक्शन पाच अँपियरचं. आमच्यापुरतं ते पुष्कळ होतं. रेडिओ लावायचा आणि आये 'बंद कर रं' म्हणेपर्यंत ऐकायचा, याउपर विजेचं काम नव्हतं.

सत्तरच्या दशकातल्या एका श्रावणात आमच्या अंगणात एक मोटार येऊन उभी राहिली. मोटार कसली, चाकांवरचं घरच. आत पलंग, मोरी, कपाट, सगळं. विलायतेहून रस्त्यानं निघालेलं एक गोरं जोडपं गोव्याला जाता जाता आमच्या गावात अडकलं होतं. इंजिनाचा कुठलासा भाग परदेशातून यायचा होता. पावसाळ्यात बोंबील सुकवायच्या वलांड्या रिकाम्या, अंगणही रिकामं. आयेनं त्यांना हातानंच 'ऱ्हावा' म्हणून सांगितलं आणि ती दोघं राहिली.

त्यांना वीज हवी होती. गाडीत छोटा फ्रिज, पाणी उकळायची किटली आणि स्वयंपाकाची विजेची शेगडी. मी तेव्हा नुकताच वायरमनचा कोर्स पास झालो होतो आणि घरात बसून होतो. परवान्याची परीक्षा द्यायची होती. पण बाबा तांडेल, होडी त्याची, आणि त्यानं निकाल देऊन टाकला होता, "नारली पुनवेला होडी सुटंल तवा तू होडीवर. लायटीनं कुनाचं पोट भरलंय?" पुनव चार दिवसांवर आली होती. गाडीला वीज नीट चालवून दाखवली तर बाबाचं मन वळेल, एवढी एकच आशा मला उरली होती.

मी मोठ्या ऐटीत खिडकीतून वायर काढून गाडीत दिली. त्याच संध्याकाळी बाईनं किटली आणि शेगडी एकदम लावली. फाट्! घर काळोखात. मी फ्यूज बांधला. पुन्हा फाट्! दुसऱ्या दिवशी चारदा गेला. बाबा पडवीत जाळं विणत बसलेला असायचा. दर खेपेला माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "काय रं, ह्येच शिकवलं का तुला?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हिशेब साधा होता. पाच अँपियर म्हणजे जेमतेम अकराशे वॅट. किटली हजाराची, शेगडी हजाराची. दोन्ही एकदम चालणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी सामान आणायला मी मालाडच्या बाजारात गेलो.

परत आलो तर वेगळाच थाट. गाडीत किटली उकळतेय, शेगडीवर सूप रटरटतंय, फ्रिज घुमतोय, आणि बाबा दारात बसून गोऱ्या माणसाबरोबर विलायती चहा पितोय. मला बघून त्यानं मिशीवरून हात फिरवला. "आता नाय तुटायचा. जाडी तार घातलीय मी. तिपेडी वलून."

होडीच्या डागडुजीतली तांब्याची तार! त्यानं ती दोरासारखी तीन पेड घालून वळली होती आणि फ्यूजमध्ये घट्ट बसवली होती. त्याचं तरी काय चुकलं? जन्मभर त्याला एकच ठाऊक. दोर तुटला तर पुढचा जाड वळायचा. तुटतो तो दोर कामाचा नाही.

तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. मीटरपासून निघालेली वायर पडवीच्या आढ्याखालून जात होती, आणि तिच्या बरोबर खाली नायलॉनची सगळी जाळी टांगलेली. वायर मेणासारखी मऊ पडली होती. मी उडी मारून मेन स्विच पाडला आणि सगळ्यांदेखत बाबावर ओरडलो, "तुला अक्कल हाय का? घर जालशील!"

तांडेलाला कुणी असं बोलत नाही. बाबानं कप खाली ठेवला आणि उठून बंदरावर निघून गेला. मला त्याच क्षणी लाज वाटली. त्याहून मोठी भीती वाटली, की परीक्षा गेली ती गेलीच.

"बोललास ना? आता तूच जा आन् सांग," आये म्हणाली.

बाबा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसला होता. मी शेजारी बसलो. माफी मागायला जीभ वळेना, म्हणून मी भलतंच विचारलं. "बाबा, मागं वादलात तू नांगराचा दोर कापलास. चांगला नवा दोर. का कापलास?"

"नायतर होडी बुडली आसती."

"फ्यूज तेच करतो. वायर तापली की आपनच तुटतो, घर वाचवतो. तो कच्चाच पायजे."

बाबा उठला. घरी आला, ती मऊ वायर बोटानं दाबून बघितली आणि तिच्याखाली टांगलेल्या जाळ्यांकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायर बदलली, फ्यूजला बारीक तार घातली आणि गाडीला एकच प्लग बसेल असा बोर्ड दिला. किटली लावायची तर शेगडी काढायची, शेगडी लावायची तर फ्रिज काढायचा. गोरी बाई हसली आणि तिला ते पटलं. दिवसभरात फ्यूज एकदाही गेला नाही. बाबा जाळं विणता विणता गाडीकडे नजर ठेवून होता.

संध्याकाळी होडीवरचा जुना खलाशी आला. उद्या पुनव, माणसं ठरवायची होती. माझ्याकडे बोट करून त्यानं विचारलं, "ह्याला धरू ना?"

बाबानं मान वर केली नाही.

"दुसरा बघ. न मिलाला तर एक मानूस कमी नेऊ, मी वडीन दोघांचं."

"आन् हा?"

"ह्याला काम हाय," बाबा म्हणाला. "मी शेजारच्या तीन घरांत तशीच तार घालून दिलीय. ती ह्यानं काढायचीय, आत्ताच्या आत्ता." आणि जाळं बाजूला ठेवून, कुठली घरं ते दाखवायला तो स्वतः माझ्या पुढे चालू लागला.