चौथ्या दिवशी ठरलेली गोळी

मुलीने माझ्याकडे शेवटचं काही मागितलं होतं ते कॉलेजच्या फॉर्मवर सही. त्यानंतर थेट गेल्या मे महिन्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने फोनवर विचारलं, "बाबा, अस्वलासाठी कुठल्या बुलेट्स चांगल्या? तुला रिसर्च आवडतो ना, जरा बघशील?"

मी अमेरिकेत, रेडमंडला राहतो आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. पंचवीस वर्षं लोकांच्या कामात खोट काढून पगार घेतला की माणूस जसा होतो तसा मी झालोय. बायको म्हणायची, तू आमटीचाही बग रिपोर्ट लिहिशील. ती जाऊन चार वर्षं झाली. आता आमटी मीच करतो, मीच खातो आणि तक्रार करायला कोणी नाही. तक्रार ऐकायलाही कोणी नाही, आणि ते जास्त जाचतं.

मुलगी मोंटानात, डोंगरांमध्ये काम करते. उंचावरची पाइनची झाडं कुठल्याशा रोगाने मरतायत, त्यातली किती जगली आणि किती मेली याची मोजणी. दहा-बारा दिवस आत जायचं, तंबूत राहायचं, झाडांना पट्ट्या बांधायच्या. त्याच झाडांच्या बिया ग्रिझली अस्वलांना फार आवडतात. इतकी वर्षं तिच्यासोबत एक सहकारी असे. यंदा तो नोकरी सोडून गेला आणि नवीन माणूस मिळेपर्यंत एकटीने जायचं ठरलं. अस्वलावर मारायचा तिखट फवारा तिच्याकडे कायम असतोच. पण तिच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तिला आपलं जुनं रिव्हॉल्व्हर दिलं. पाच गोळ्यांचं, वजनाला हलकं, तीनशे सत्तावन्न मॅग्नम जातीचं. सोबत गोळ्यांचा अर्धा डबा.

मी आयुष्यात झुरळाच्या पलीकडे काही मारलेलं नाही. व्हिसावर होतो तेव्हा तर बंदुकीच्या दुकानासमोर गाडीसुद्धा पार्क करायची नाही, असा आम्हा मित्रांचा अलिखित नियम होता. पुढे सिटिझन झालो तरी तो नियम अंगातून गेला नाही. पण मुलीने विचारलं होतं. त्याच संध्याकाळी मी एक्सेल उघडलं.

बावीस काडतुसं, अकरा रकाने. गोळीचं वजन, वेग, आकार, झाडताना हाताला बसणारा धक्का, किती खोल जाते. त्यातून कळलं ते असं. तिच्याकडच्या अर्ध्या डब्यातल्या गोळ्यांच्या टोकाला खड्डा होता. अशी गोळी अंगात शिरताच फुलासारखी उमलते आणि तिथेच थांबते. ती माणसासाठी. अस्वलाची चरबी, स्नायू आणि जाड हाडं पार करायला न उमलणारी गोळी लागते. कडक शिशाची, जड, चपट्या नाकाची. अशी एक गोळी मला सापडलीही. तिचा धक्का हलक्या रिव्हॉल्व्हरला झेपण्याइतका होता. चौथ्या दिवशी माझं काम संपलं होतं.

आणि मी ते तिला सांगितलं नाही.

त्या चार दिवसांत तिचा रोज फोन आला होता. एरवी महिन्यातून एकदा, रविवारी, आठ-दहा मिनिटं. "जेवलास?" "हो." "तिकडे पाऊस?" "आहेच." आता मात्र ती अर्धा अर्धा तास बोलत होती. धक्क्यामुळे मनगट कसं दुखतं ते सांगायची. तिचं मनगट आईवर गेलंय, बारीक, हे मी म्हणालो तर हसली. मग आईबद्दल काहीतरी बोलली. चार वर्षांत पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी तिने विचारलं, "सो? फायनल झालं?"

मी म्हणालो, "नाही गं, अजून थोडं बघतो. थंडीत बारूद कशी वागते तेही बघायला हवं."

"टेक युअर टाइम. मी प्रॅक्टिसला आहेत त्याच वापरते."

बारूद थंडीत व्यवस्थित वागते. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण पुढे मी दमट हवा काढली, मग काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांचा दर्जा काढला, मग दोन कंपन्यांच्या आकड्यांमधली तफावत काढली. ऑफिसात कोणी सॉफ्टवेअरचा रिलीज असा रखडवला असता तर मी त्याला सोलून काढला असता. इथे मीच रोज संध्याकाळी एक नवी शंका घेऊन फोनपाशी बसत होतो, आणि खरं सांगायचं तर गेल्या चार वर्षांतले ते माझे सर्वांत आनंदाचे दिवस होते.

तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात गेलो. गळ्यात ऑफिसचा बॅज तसाच. काउंटरमागच्या म्हाताऱ्याने मी मागितलेली पेटी काढली आणि विचारलं, "बंदूक हलकी आहे का?" हो म्हटल्यावर तो म्हणाला की आधी चाचणी घ्या. हलकी बंदूक हातात उसळते, आणि दर झटक्याला आत उरलेल्या काडतुसांतली गोळी पुंगळीतून जराजरा बाहेर सरकू शकते. फार सरकली तर सिलिंडर अडकतो, फिरतच नाही. चार झाडायच्या, पाचवी काढून तिची लांबी मोजायची. ती हलली नसेल तर तुमची गोळी बरोबर.

मला तो म्हातारा फार आवडला. आणि मनात एक बेत शिजला. पोस्टाने काडतुसं पाठवता येत नाहीत, म्हणजे मलाच न्यायला हवीत. नऊ तासांचा ड्राइव्ह. पुढच्या शनिवारी जायचं, दोघांनी मिळून चाचणी घ्यायची, दोन दिवस राहायचं. तिला हीच गोळी तिथल्या दुकानातही मिळाली असती. फोनवर नाव सांगितलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

बुधवारी सकाळी मेसेज आला. बर्फ लवकर वितळलं, आजच आत जातेय, बारा दिवस, टॉक सून.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग माझ्या लक्षात आलं की तिच्या कमरेला आत्ता माणसासाठीच्या पाच गोळ्या आहेत, आणि हे मला जवळजवळ तीन आठवडे माहीत आहे.  ऑफिसला काहीतरी कळवलं, पेटी डिकीत टाकली आणि निघालो.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा संध्याकाळचं ऊन होतं. पायवाटेच्या तोंडाशी तिचा ट्रक उभा होता. बॉनेट गार होतं. आत डॅशबोर्डवर तिची टोपी आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद. सफरचंद काळं पडलं होतं. पायवाट झाडांत शिरून वळत होती. मी त्या वळणापर्यंत चालत गेलो, हाक मारली, आणि परत आलो. दुसरं काय करणार होतो?

जवळच्या गावात एक मोटेल होतं. तिथे अकरा दिवस राहिलो. दिवसा लॅपटॉपवर काम करायचो. तिच्याकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारं एक यंत्र आहे, त्यावरून रोज संध्याकाळी माझ्या फोनवर एकच ठरलेला शब्द यायचा: ओके. तिला उलट काही कळवलं नाही. कळवून काय करणार? तिच्याजवळ दुसरी गोळी नव्हती, उगाच धास्ती घेऊन बसली असती. तो ओके आला की मी जेवायचो. एक दिवस चाळीस मिनिटं उशिरा आला. त्या चाळीस मिनिटांत मी स्वतःला जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी ती झाडांतून बाहेर आली. पाठीवर ती बोजड सॅक, चेहरा रापलेला. मला ट्रकपाशी बघून जागच्या जागी थांबली. आपल्याकडे न सांगता कोणी दारात उभं राहिलं की एकच अर्थ असतो, आणि अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या मुलीलाही तो पक्का ठाऊक होता.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. बाळा, कोणी नाही."

तिने सॅक उतरवली आणि मला मिठी मारली. घामाचा, धुराचा वास. मग ट्रकच्या मागच्या फळीवर बसून घटाघटा पाणी प्यायली. म्हणाली, "बाबा, सहाव्या दिवशी दिसली. मदर, दोन पिल्लं. इथून त्या बोर्डाएवढी लांब."

पायवाटेच्या तोंडाशी असलेला तो बोर्ड चाळीस पावलांवर होता.

"माझा हात आधी गनवर गेला, ती काढलीही. देन आय थॉट, बाबा इतके दिवस शोधतोय आणि अजून त्याला चांगली बुलेट सापडलेली नाही. म्हणजे आत आहे ते काही कामाचं नाही. आय पुट इट बॅक. स्प्रे हातात घेतला आणि हळूहळू मागे आले. ती बघत राहिली, मग गेली." ती हसायचा प्रयत्न करत होती. "अस्वलाची इतकी भीती नाही वाटली. बट यू ऑलवेज नो, बाबा. तुलापण माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही, असं वाटलं. त्याची भीती वाटली."

गप्प राहिलो असतो तर तिला कधीच कळलं नसतं.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "चौथ्या दिवसापासून."

तिला समजायला वेळ लागला. मी बारूद आणि थंडी सांगितली, दमट हवा सांगितली, सगळं सांगितलं. पेटी पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"मग रोज फोनवर आपण काय करत होतो?"

"बोलत होतो."

ती उठून ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेली.  परत आली तेव्हा आवाज चढलेला होता. "आई गेल्यापासून तू मला एकदासुद्धा सांगितलं नाहीस की तुला एकटं वाटतं. वन्स! एकदा सांगायचंस ना!"

"तू कधी विचारलं नाहीस," मी म्हणालो. भांडायच्या सवयीने म्हणालो, समोरच्याची चूक दाखवायच्या सवयीने. आणि तोंडातून शब्द गेल्यावर समोर बघितलं. तीस वर्षांची मुलगी, बारा दिवस एका माणसाचा आवाज न ऐकलेली, आणि घरीही अशा किती एकट्या संध्याकाळी तिने काढल्या ते मला माहीतही नव्हतं. मी तिला अस्वलं विचारली होती, मनगट विचारलं होतं, धक्का विचारला होता.

"आणि तुला?" मी विचारलं. "तुला वाटतं का गं एकटं?"

 ती फळीवर बसली आणि रडायला लागली.