बसून प्यायलेली कॉफी

मुलीच्या बाळंतपणासाठी मी अल्लीपूरहून निघाले तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशोपा होत्या. इटलीतल्या तुरीन शहरात काय बघायचं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. बाळंतपणाला गेलेली आई शहर बघायला थोडीच जाते!

पण सकाळी जावई ऑफिसला गेला, बाळ-बाळंतीण झोपली, की ते घर मला खायला उठायचं. एकदा ब्रेड आणायला म्हणून खाली उतरले. थंडीनं बोटं आखडली, तशी कोपऱ्यावरच्या कॉफीबारात शिरले. मालकीण माझ्याच वयाची, केस पांढरे, आवाज खणखणीत. मी दुसऱ्या कुणाच्या तरी कपाकडे बोट दाखवलं. तिनं मला खिडकीशी बसवलं आणि कॉफी आणून दिली. दोन घोटांची, कडूजहर. ती मी पुरवून पुरवून प्यायले.

मग कपबशी उचलली, सरळ काउंटरच्या मागे गेले आणि नळ सोडला.

आमच्याकडे बाई कुणाच्याही घरी चहा प्यायली की कपबशी विसळूनच निघते. नाही विसळली तर मागे नावं ठेवतात. पुरुषांचे कप जागच्या जागी पडलेले असतात, त्यांचं मात्र कुणाला काही वाटत नाही. मालकीण आधी दचकली. मग तिनं माझ्या हातातला कप काढून घेतला, मला कोपराला धरून खुर्चीवर परत बसवलं आणि आणखी एक कॉफी पुढ्यात ठेवली. मला एकदम रडू आलं. शाळेत इतकी वर्षं नोकरी केली, घर केलं, शेतावरच्या गड्यांचा चहा केला; 'ऊठ' म्हणणारे पुष्कळ भेटले होते.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. ना तिची भाषा मला येत होती, ना माझी तिला. तासभर मी रस्त्याकडे बघत बसायचे, एवढंच. मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, घरी मशीन आहे ना, मग बाहेर काऊन जाते?"

"घरी मलेच करावं लागते. तिथं मले कोणी आणून देते."

ती मांडीवरच्या बाळाकडे बघत राहिली.

परतायची वेळ आली तेव्हा नातवाला सोडून जाणं जड गेलंच, पण त्या तासाला सोडणंही जड गेलं. गावी असा तास कुठून आणायचा? स्टँडवर चहाचं हॉटेल आहे. आमचे हे रोज सकाळी तिथं मित्रांसोबत बसतात. तिथला चहा मीही प्यायले आहे, पण घरी मागवून. बाईनं तिथं बसायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. कुणी बसलेली मात्र मी पाहिली नाही.

आल्यावर आठवडाभर धीर गोळा केला आणि एका सकाळी गेले. रिकाम्या बाकावर बसले. मित्रमंडळींच्या गप्पा थांबल्या. हॉटेलवाल्यानं माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं.

"काकाजी, काकूंचा चहा घरी पाठवू काय?"

सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघू लागले. हे 'हो' म्हणाले असते तर मी मुकाट्यानं उठले असते आणि पुन्हा कधी आले नसते, हे मला तेव्हाच कळलं. ह्यांनी ग्लास खाली ठेवायला फार वेळ लावला.

"मले काऊन विचारून राह्यला?" हे म्हणाले. "तिले विचार ना."

त्यानं मान माझ्याकडे वळवली.

"साखर कमी टाकजो," मी म्हटलं.