उरलेली सात मिनिटं

कॅसेटमध्ये रिकामी टेप राहिलेली त्याला सहन व्हायची नाही. गिऱ्हाइकाने दिलेल्या यादीतली गाणी भरून झाली आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये चार-पाच मिनिटं उरली, की दुसरा दुकानदार तिथे एखादं चालू गाणं कोंबून मोकळा व्हायचा. हा मान वर न करता विचारायचा, "उरलेल्या जागेत काय भरू?" गिऱ्हाईक म्हणायचं, "भरा काहीही." आपण पायावर धोंडा मारून घेतला हे त्याला घरी गेल्यावर कळायचं. नवघरात सगळे त्याला साइड-बी म्हणत. खरं नाव पास्कू.

आम्ही दादरची खोली सोडून नवघरला आलो, तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे टेबल, दोन टेप डेक, एक रेकॉर्ड प्लेअर आणि वर गळका पाइप. सोसायटीकडे त्याने पाइपबद्दल किती अर्ज दिले असतील देव जाणे. सोसायटीचे सेक्रेटरी आमचेच हे. अर्ज आमच्या फ्रिजवर पडून असायचे आणि पास्कू पाइपाखाली बादली ठेवून काम करायचा.

रोज तो समुद्राकाठच्या डोंगरी गावाहून बसने यायचा, तबकड्यांची पिशवी मांडीवर धरून. त्यांचीही एक गंमत होती. त्याचा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी. त्याला त्याने एका गाजलेल्या रॉक बँडची रेकॉर्ड आणायला सांगितली. भावाने पाकिटावर बँडचं नाव बघून उचलली, पण ती निघाली त्या बँडमधल्या ड्रमरने एकट्याने काढलेली. त्यात गाणं म्हणून एकही नाही. कुणी खुर्ची ओढतंय, कुणी पत्रा खरवडतंय. पास्कूने आधी भावाला यथेच्छ शिव्या घातल्या, मग आठवडाभर तीच ऐकली. नंतर भावाला हुकूमच केला, की आणायची तर असली एकट्याने काढलेलीच आण. तशाही त्या कुणी घेत नसे. परदेशातल्या दुकानांत उरल्यासुरल्या मालाच्या टोपलीत पडलेल्या असायच्या. गिऱ्हाइकांच्या कॅसेटमधल्या उरलेल्या जागेत हा त्याच भरायचा.

"बँडमदे मानूस दुसऱ्याच्या तालावर वाजवतो," तो म्हणायचा. "एकला बसला का कळतं, त्याच्या पोटात काय हाय. वाईट असंल, पन त्याचं हाय."

हे तो शांतपणे सांगायचा असं समजू नका. भडकू माणूस होता. शेजारच्या नया नगरची मुलं सिनेमाची गाणी भरून न्यायची आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन यायची, "अंकल, आखिर में मशीन खराब हुआ था क्या?" हा म्हणायचा, "मशीन बराबर है. कान धो के आओ." असं गिऱ्हाईक तोडलेलं पाहून मला हसू यायचं आणि रागही. मी एकदा म्हटलं, "पास्कू, लोकांना आवडेल ते द्या की." तो म्हणाला, "वहिनी, त्यांना आवडतं ते त्यांच्याकडं हाय. मंग मी कशाला?"

तो स्वतः गावच्या लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. पंचवीस वर्षं तीच वरात, तेच ठोके. मी विचारलं होतं, "तुम्ही नाही का एकट्याने काही काढत?" त्याने बादली ओतली आणि परत पाइपाखाली सरकवली.

त्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणासाठी आरत्या आणि भजनं भरून आणायचं काम माझ्याकडे आलं. यादी दिली. त्याने मिनिटं मोजली. "सात उरतात. काय भरू?" मी थट्टेत म्हटलं, "तुमच्या आवडीचं भरा." त्याने मान वर केली. मग काम लांबलं. मी एकदा चिडून जिन्यावरूनच विचारलंही. पूजेच्या सकाळी कॅसेट हातात पडली.

आरत्या झाल्या, प्रसाद वाटणं सुरू झालं, टेप कुणी बंद केली नाही. आणि स्पीकरमधून ठिबक, ठिबक, असा आवाज यायला लागला. नुसतं ठिबकणं. विहिरीत कोणीतरी दबा धरून बसल्यासारखं. दोन मिनिटं लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, मग आमच्या यांनी जाऊन बटण दाबलं.

कमिटीला जिन्याखालची जागा स्कूटरसाठी कधीपासून हवी होती. निमित्त मिळालं. तिथेच, भटजींनी दक्षिणा घ्यायची बाकी असताना, पास्कूला बोलावलं. "देवाची थट्टा करतोस?" "कोणी सांगितलं तुला हे भरायला?" मी शिऱ्याचं ताट घेऊन चार हातांवर उभी होते. पास्कूने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

"कोनी न्हाय," तो म्हणाला. "माझीच चूक."

आठ दिवसांत जागा रिकामी झाली. मला माझा संताप येतो, तसा त्याचाही येतो. कुणी सांगितलं होतं याला मोठेपणा करायला? गिऱ्हाइकांवर ओरडायचा तसं माझ्यावर ओरडला असता, तर मी आज सुटले असते. यांच्याशी मी महिनाभर बोलले नाही, पण का बोलत नाही हेही सांगितलं नाही. असला राग काय कामाचा. कॅसेट मी रांगोळीच्या डब्यात लपवून ठेवली.

माफी मागायला मी डोंगरीला गेले ती सहा वर्षांनी. घर शोधत पोचले तर दारात त्याची बहीण मासळी निवडत होती. "पास्कू गेला, दोन वरसं झाली," ती म्हणाली. "मयताला बँडवाल्यांनी वाजवलं. रेकॉर्डी भावानं भंगारात दिल्या. काय करतावं, कोन ऐकनार?" मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. कोणत्या तोंडाने ओरडणार होते?

घरी येऊन डबा उघडला, कॅसेट झटकली आणि आरत्या-भजनं संपतात तिथपर्यंत पुढे नेऊन लावली. दोन मिनिटं ठिबकणं; एवढंच आमच्या बिल्डिंगने ऐकलं होतं. तिसऱ्या मिनिटाला त्या ठिबकण्याचा ठेका धरून कुणीतरी बोटांनी ढोल वाजवायला लागलं, अगदी हळू. मागे पाण्याचा पंप सुरू झाला. तो पंप मी ओळखते, रोज सकाळी आमची भिंत हादरवतो. ठिबकत होता तो आमचाच पाइप, पडत होतं ते त्याच्याच बादलीत. परदेशातल्या कुठल्या ड्रमरचं काही नव्हतं ते. ढोल वाढत गेला. कुठल्याच वरातीत मी तसा ऐकला नव्हता.

मध्येच एका बाईचा त्रासिक आवाज आला, "काय हो पास्कू, माझ्या कॅसेटचं झालं की नाही अजून?"

आवाज माझा होता.

ढोल थांबला. "थांबा वहिनी," पास्कू म्हणाला, "तुमचंच चाललंय." आणि परत वाजवायला लागला.