पावसातलं आळं

कुजलेल्या मेथीला एक उग्र, गोडसर वास येतो. सोलापुरात निम्मं आयुष्य काढूनही तो मला ठाऊक नव्हता. आमच्याकडची मेथी फार तर उन्हानं करपते, हातात चुरचुरते. ती पाण्यात उभी राहून सडावी, हे या मातीच्या स्वभावात बसणारं नाही. पण यंदा श्रावणात लागलेली झड दसरा जवळ आला तरी उठायला तयार नव्हती. भर दुपारी चादर पांघरून बसावं असा गारवा, आणि आभाळ असं खाली आलेलं, की सूर्य उगवतो तो सवयीनं, आपल्यासाठी नव्हे, असं वाटावं.

परसात भाजी लावायची कल्पना माझीच. आई गेल्यावर आबांना, माझ्या वडिलांना, मी सांगोल्याकडच्या आमच्या गावातून इथं आणलं. मेंढरं विकली, रान चुलत्यांकडे सोपवलं. जन्मभर आभाळाखाली वावरलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राही. हाताला माती लागली तर जिवाला पालवी फुटेल, असं मला वाटलं. माझ्याजवळ वेळ तो किती? आबांची आंघोळ उरकल्यापासून शाळेत शिकवायला निघेपर्यंतचा सकाळचा अर्धा तास. तेवढ्यात मी मेथी, कोथिंबीर पेरली आणि टोमॅटोची रोपं लावली.

मेथी गेली तेव्हा मी पुन्हा पेरली. या खेपेला माती उंच ओढून, वाफ्याला उंचवटा देऊन, पाणी वाहून जाईल अशा बेतानं. संध्याकाळी शाळेतून परतले तर उंचवटे सपाट झालेले. प्रत्येक टोमॅटोभोवती सुबक, गोल, खोलगट आळं केलेलं आणि त्यात काठोकाठ पाणी. शेजारी आबा तांब्या घेऊन उभे, डोईवर पोतं, अंगावर पाऊस.

"आबा, हे कुणी केलं?"

"पाणी वाया चाललं होतं की," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात कुरकुर नव्हती, काळजी होती.

दुसऱ्या दिवशी मी माती पुन्हा वर ओढली. संध्याकाळी पुन्हा आळी. असं किती दिवस चाललं! मी उपसत होते, ते साठवत होते. टोमॅटोची पानं पिवळी पडून गळू लागली आणि मला कळेना, की मी नेमकी कशाला घाबरते आहे, पावसाला की आबांना? त्यांना पाऊस दिसत नव्हता का? की दिसत होता, पण त्यावर विश्वास बसत नव्हता? टँकरची वाट पाहत म्हातारा झालेला माणूस दोन महिन्यांच्या सरींना भुलेलच कशाला? विसरणं आणि न विसरता येणं, या दोहोंचा चेहरा इतका सारखा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मायेनं विचारलं, "आजोबा, आज वार कुठला?"

आबांनी खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं. "ढगाचा," ते म्हणाले.

डॉक्टर हसले, मीही हसले, आणि रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. वयोमानानं असं होतं, लक्ष ठेवा, असं सांगून त्यांनी गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे काय होतं, हे काही मला उमगलं नाही.

त्या रागात, की भीतीत, मी तांब्या आणि खुरपं कपाटात ठेवून दिलं. आबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून थांबू लागले. परसातली माती आता माझ्या मनासारखी उंच राहिली, पाणी झरझर वाहून जाऊ लागलं, मेथीचे कोवळे कोंभ वर आले. आणि ते हिरवेपण पाहून मला जराही बरं वाटलं नाही.

एका सकाळी वेणी घालता घालता गावच्या घराची न्हाणी आठवली. उन्हाळ्यात सगळं रान धुळीचं होई, तेव्हाही तिच्यामागं सांडपाण्यावर अळूचं बेट डोलत असे. कितीही पाणी पाजा, ते कधी पुरे म्हणत नसे. शेजारच्या पद्माकाकूंच्या मोरीमागं अळू माजलेलं होतंच. मागितल्यावर त्यांनी भिंतीवरून कंद दिले. "आमच्या तेलुगूत याला चामदुंपा म्हणतात," त्या म्हणाल्या, "लावा आणि विसरून जा."

मी कपाट उघडलं. परसाचा खालचा कोपरा, जिथं सगळं पाणी येऊन साचायचं, तो आबांना दिला. त्यांनी आळी केली, कंद पुरले, तांब्या भरला.

महिन्याभरात पानं सुपाएवढी झाली. आबांच्या गोळ्या चालूच आहेत. काही दिवस ते मला आईच्या नावानं हाक मारतात, काही दिवस माझी शिकवणी घ्यावी तसं वाफ्यांविषयी चोख बोलतात; यातले खरे आबा कोणते, हे मला आजही ठरवता येत नाही. अळवावरच्या थेंबाला आपण अस्थिर म्हणतो. पण पानाखालच्या चिखलात कंद कसा घट्ट बसलेला असतो, हे वरून कुणाला दिसतं?

परवा मी वाफ्यातली मेथी खुडत होते. भुरभुर पाऊस होता. आबा तांब्या घेऊन अळवापाशी आले, माझ्याकडे पाहत थबकले आणि म्हणाले, "पोरी, शाळंला उशीर हुईल. तू जा. हितलं मी बघतो."

मी उठले, हात धुतले, छत्री घेतली. मागं वळून पाहिलं तर ते पावसात ओणवे होऊन अळवाला पाणी घालत होते. धार बारीक, सावकाश, एक थेंबही आळ्याबाहेर न सांडणारी.

त्यांना आत बोलवावं, असं वाटलं. मग मी फाटक हळूच लोटून घेतलं.