खरं बोलून फसवणारा दोरीवाला

खोटं बोलून मला आजवर कुणी फसवलेलं नाही. ऐंशी सालाच्या आसपास एका पुणेवाल्यानं मला खरं बोलून फसवलं. तो राग अजून गेलेला नाही.

शाहूपुरीत माझी लोखंडी सुटे भाग तापवून कडक करायची भट्टी होती. भागांची टोपली आत साखळीनं टांगायचो. साखळी जळायची, सारखी बदलावी लागायची. पुणेवाल्यानं सिरॅमिक धाग्यांच्या दोन दोऱ्या आणल्या, एक महाग, एक स्वस्त.

"स्वस्तातली घेऊ नका, शेठ. गरम झाली की ओझ्यानं रोज थोडी थोडी लांबते. याला क्रीप म्हणतात."

महाग माल खपवायची ही युक्ती मी जन्मभर वापरत आलोय. मी तालमीतला एक पैलवान बोलावला आणि स्वस्त दोरीला लोंबकळायला लावला. एका हातानं लोंबकळत त्यानं दुसऱ्या हातानं चार केळी खाल्ली. दोरी ढिम्म.

"अहो, पण ही गार आहे!"

"मग पैलवानाला भट्टीत घालू व्हय, पावणं?"

पैज लागली. महिन्यानं तो परत येईपर्यंत स्वस्त दोरीला टांगलेली टोपली भट्टीच्या तळाला टेकली नाही, तर महाग दोरी स्वस्त दोरीच्या भावात. टेकली, तर तो सांगेल त्या भावात, मी अवाक्षर न काढता घ्यायची. अवाक्षर न काढता! स्वतःच्या लग्नात मी आठ मंगलाष्टकं पाचांवर आणली होती.

दोरी तुटली नाही. पण टोपली रोज दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली.

"मालक, टोपली उतराय लागलीया," भट्टीवरचा मिस्त्री म्हणाला.

मी माल निम्मा केला. उतरायचा वेग कमी झाला, पण टोपली थांबली नाही. शेवटच्या आठवड्यात नुसती रिकामी टोपली तापवत बसलो. तरी पुणेवाला यायच्या आदल्या दिवशी ती तळापासून जेमतेम सूतभर वर राहिली, तेव्हा मी तळाच्या विटांचा एक थर काढून टाकला.

पुणेवाला आला, वाकला आणि बघत राहिला.

"टेकली का? न्हाय की!" मी म्हणालो.

"शेठ, तळाच्या विटा कुठं गेल्या?"

मी मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं मान वळवून कोपऱ्यातल्या विटांकडं बघितलं.

पुणेवाल्यानं भाव सांगितला. माझं तोंड उघडलं, तेवढ्यात पैलवानानं मागून त्यावर पंजा ठेवला. पैजेचा साक्षीदार तोच होता. दोरी गुंडाळून, बांधून, माझ्या टेबलावर येईपर्यंत त्यानं तो काढला नाही.

पंजाला केळ्याचा वास येत होता. ती केळीही माझीच.