मखमलीचं बी

आई हिवाळ्यात गेली. उन्हाळा लागला तसे बाबा चांदूर बाजारकडचं घर बंद करून अकोल्याला माझ्याकडे राहायला आले. पिशवीत दोन धोतरं, बीपीच्या गोळ्या आणि चिंधीत बांधलेलं मखमलीचं बी. मखमल म्हणजे झेंडूचीच लहान जात; किरमिजी पाकळ्या, पिवळी किनार. दर वर्षी आमच्या महालक्ष्म्यांच्या हाराला आईच्या अंगणातलीच मखमल असायची. हे बी तिनं दिवाळीनंतर धरलेलं, शेवटचं. असलं बी फार टिकत नाही. यंदा उगवलं नाही तर आईची मखमल संपली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गच्चीवर अकोल्याचं ऊन, त्यात कोवळं रोप काय तगणार? म्हणून कूलरच्या खोलीतच, खिडकीपाशी रोपं करायचं ठरलं. एका संध्याकाळी मी कामावरून परतले तर श्रीखंडाचे रिकामे डबे मातीनं भरलेले आणि घरभर शेणाचा वास. खालच्या दूधवाल्याकडून बाबांनी शेण मागून आणलं होतं. जन्मभर कापूस पेरलेला माणूस. पूर्वी सरकी शेणकाल्यात घोळून दोन पेरं खोल सोडायचे, तसंच त्यांनी ते काडीसारखं बारीक बी शेणात घोळून मातीत खुपसलं होतं.

"अर्धं ठेवलं," ते म्हणाले. "दुबार पेरनी करा लागली तं."

"बाबा, हे बी वरवर टाकतात."

"वर टाकलं तं पाखरं खातेत."

"घरात कोनते पाखरं आले?"

"मले पेरनं शिकवून राह्यली काय तू?"

पेरणीच्या बाबतीत बाबा नाकावर माशी बसू देत नाहीत. मी चहा टाकला.

मग ते रोज सकाळी डब्यांपुढे बसायचे. माती चाचपायचे, थेंब थेंब पाणी द्यायचे. काही वर येईना. शेवटी त्यांनीच एक डबा उकरला आणि कुजलेलं बी तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरलं.

"तुही माय कशी टाके वं?"

पन्नास वर्षांचा संसार. ती अंगणात वाकलेली असायची आणि बाबा तिच्या शेजारून शेतात जायचे, यायचे. मला इतका राग आला की डोळे भरून आले.

"तुमी कदी पाह्यलंच नाई?"

"नाई."

उरलेलं बी मी घेतलं. माती भिजवली, बी वर पसरलं, चिमटीनं बारीक माती भुरभुरली.

"थांब," बाबा म्हणाले. "हळू कर. दिसू दे मले."

मी पुन्हा, सावकाश केलं. त्यांची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही. मग त्यांनीच ओलं फडकं पसरलं.

थोड्याच दिवसांत फडक्याखाली हिरवे ठिपके दिसले. मी स्वयंपाकघरातल्या बाबांना ओरडूनच बोलावलं. वाटलं, ते हसतील. ते डब्यापुढे खाली बसले.

"उगवलं का हाक मारे ती मले," ते म्हणाले. "या, पाहा म्हने. मी शेतात जाता जाता म्हनो, आलो."