घोटा जमीन विसरला

ये गं सुमन, अशी जवळ बस. धुळ्याहून जळगावला यायला तुला वर्ष लागतं, आणि फोनवर मात्र रोजचं तुझं, "मावशी, पाय कसा शे?" पाय काय फोनवर दिसतो?

श्रावणातलं ओलसर, पिवळट ऊन आमच्या पिंप्राळ्याच्या स्वयंपाकघरात उतरतं, नैवेद्याच्या रोटांसाठी धुऊन पसरलेल्या गव्हाचा दमट गंध दरवळतो, आणि गेल्या वर्षीची कानबाईची मिरवणूक आठवून माझी मान खाली जाते. डोक्यावर देवीचा पाट, पुढे वाजंत्री, बायका फुगडीत दंग. आणि नदीच्या वळणावर, खड्डा नाही की दगड नाही, माझा डावा घोटा मुरडला. धाकट्या जावेनं पाट वरच्यावर झेलला. देवी सावरली, मी धुळीत बसले. मिरवणूक पुढे निघाली. ती धूळ अजून अंगावर आहे.

तेव्हापासून तो घोटा चालता चालता केव्हाही दगा देतो. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण म्हणाली, "काकू, हाड शाबूत आहे. घोटा जमीन विसरलाय, त्याला आठवण करून द्यायची." म्हणून गोधडीच्या घडीवर एका पायानं उभं राहायचं. या वयात पातळ खोचून बगळ्यासारखं उभं राहिलेलं सुनेनं पाहू नये, म्हणून मी दार लोटून घेते आणि ओट्याची कड धरते. डॉक्टरणीनं तेही ओळखलं. "ओटा पळून जात नाही काकू, बोट काढा."

परवा जाऊ दारातूनच म्हणाली, "अक्का, औंदा तू बसी राय, रोट भाज. कानबाई आम्ही डोक्यावर लेसूत." तिच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच ते अधिक लागलं. ती गेल्यावर मी रिकामा पाट डोक्यावर घेतला, गोधडीवर चढले, ओटा सोडला. आणि नेमकी सून गव्हाचं सूप घेऊन आत आली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पोरगी हसली नाही, धावलीही नाही. सूप खाली ठेवून माझ्या पाठीमागे हात पसरून उभी राहिली, न शिवता. घोटा पिंपळपानासारखा थरथरला, पण मुरडला नाही.

लाज गेली असं नाही म्हणत मी. पण न लागलेल्या त्या हाताची ऊब पाठीला अजून जाणवते, आणि वाटतं, घोट्याबरोबर मीही काही विसरले होते का?

रविवारी कानबाई बसेल, सोमवारी विसर्जनाला नदीवर निघेल. पाट मागायचं अजून माझ्या तोंडून निघत नाही. तू तोवर राहा, बाई. काही करू नकोस, नुसती माझ्या मागे चाल.